साहेबांची शाळा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की फराळाच्या ताटाकडे वळण्यापूर्वी पुष्कळ घरांत तुळशीपाशी कारीट फोडतात. कारीट पायाखाली चिरडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच करंजीला हात घालायचा. दिवाळी अंकात कथा आहेत, कविता आहेत, व्यंगचित्रे आहेत. त्यांचा आस्वाद वाचकांनी घरातल्या सर्वांसह यथेच्छ घ्यावा. माझा हा लेख मात्र त्या कारिटासारखा आहे. आधी तो चिरडून घ्यावा, म्हणजे पुढचे गोड अधिक गोड लागेल.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्याकडे एक नवी विद्या आली आहे. 'आंतरसांस्कृतिक व्यवस्थापन प्रशिक्षण' असे तिचे भारदस्त नाव. एका देशाच्या मॅनेजरने दुसऱ्या देशाच्या माणसांशी कसे बोलावे, कसे वागावे, त्यांच्याकडून काम कसे करून घ्यावे, हे ती शिकवते. १९८९ साली पूर्व युरोपातल्या साम्यवादी राजवटी कोसळल्या, १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला, आणि तिथल्या सरकारी कारखान्यांना बाजाराची रीत शिकवण्यासाठी पश्चिमेकडून शिकवणाऱ्यांची रीघ लागली. त्या देशांना 'संक्रमणातल्या अर्थव्यवस्था' असे नाव पडले. त्याच १९९१ च्या जुलै महिन्यात आपल्याकडेही दारे उघडली गेली. संक्रमण आपल्याही दाराशी आले, आणि त्याच्या पाठोपाठ ही विद्याही आली. पुण्या-मुंबईत ती मुरली आणि तिथून घाट उतरून शिरवळ, सातारा, फलटण, मिरज, कुपवाड अशी आमच्या मुलखात पोचली.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या, एवढीच काय ती माझी मिरास. व्यवस्थापनशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. पण ज्यांच्यावर हे शास्त्र चालवले जाते ती पोरे माझ्या वर्गात बसून गेलेली आहेत. त्यांतली कोणी औद्योगिक वसाहतीत लेथवर उभी आहेत, कोणी रंगाच्या खात्यात आहेत, कोणी ठेकेदाराच्या हजेरीपटावर महिन्याचे कामगार म्हणून आहेत. त्यांचे हस्ताक्षर मला ओळखता येते, त्यांच्या बापांची शेते मला माहीत आहेत. तेवढ्या अधिकारावर मी बोलतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका कारखान्याने मला भाषणाला बोलावले. कारखाना परदेशी मालासाठी सुटे भाग करणारा. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. नवे अधिकारी रुजू झाले होते, त्यांचे तीन दिवसांचे शिबिर होते, आणि 'स्थानिक संस्कृतीची ओळख' हा विषय माझ्या वाट्याला आला होता. मला दिलेला वेळ चाळीस मिनिटे. त्यांतली दहा मिनिटे माझ्या आधीच्या वक्त्याने खाल्ली, आणि तीही चांगली झाली; कारण त्यामुळे मला त्याचे भाषण ऐकायला मिळाले.

गृहस्थ बोलण्यात तरबेज होता. जर्मन माणसाच्या भेटीला पाच मिनिटे आधी जावे. जपानी माणसाचे कार्ड दोन्ही हातांनी घ्यावे आणि पाहिल्याशिवाय खिशात टाकू नये. अमेरिकन माणूस पहिल्याच भेटीत नावाने हाक मारतो, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. हे सारे ठीकच होते. पाहुण्याची रीत समजून घेणे हा आपल्याकडेही सद्गुणच मानलेला आहे. मग पडद्यावर 'भारतीय कामगार' असा मथळा आला. त्याखाली लिहिले होते ते असे : भारतीय कामगार वरिष्ठाला नाही म्हणत नाही, तो स्वतः निर्णय घेत नाही, त्याला वेळेचे भान कमी असते, सण आणि नातेवाईक यांच्यासाठी तो गैरहजर राहतो. समोर बसलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी हे सारे वहीत उतरवून घेतले. मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. माझ्याच विद्यार्थ्यांची प्रगतिपुस्तके कोणी अनोळखी माणसाने न तपासता भरून टाकावीत, तसे मला वाटले.

माझी पाळी आली तेव्हा मी एकच प्रश्न विचारला. "आपल्या खात्यात काम करणाऱ्या पाच माणसांची गावे कोणाला सांगता येतील?" अठ्ठावीस अधिकारी होते. एकाने एक गाव सांगितले. ते त्याच्या ड्रायव्हरचे होते.

वाचकहो, माझ्या तक्रारीचे मूळ इथे आहे. या विद्येचे तोंड फक्त वर आहे. साहेबाच्या साहेबाला काय रुचते, त्याचा कसून अभ्यास. आणि हाताखालच्या माणसाला काय बोचते, त्याबद्दल चार ओळींचा मथळा. ऑगस्ट महिन्यात युरोपातले गिऱ्हाईक सुट्टीवर जाते आणि तिथून पत्राचे उत्तर येत नाही. ही त्यांची संस्कृती आहे, आपण समजून घेतले पाहिजे, असे शिबिरात शिकवले जाते. पौषात पालच्या खंडोबाची यात्रा भरते, आणि कऱ्हाडकडचा पोरगा दोन दिवस रजा मागतो. ही मात्र बेशिस्त! जर्मनाची सुट्टी कॅलेंडरवर आधीच लाल शाईने छापलेली असते. पालची यात्रा, शिंगणापूरची यात्रा, पोळा, गावची जत्राही पंचांगात छापलेली असते. ज्याला बर्लिनचे कॅलेंडर वाचता येते त्याला रुपयांत मिळणारे पंचांग वाचता येऊ नये, हे अज्ञान म्हणावे की अनास्था? मला ती अनास्था वाटते. पंचांग पाहून कामाची पाळी आखली, तर एकही यंत्र थांबणार नाही.

आता त्या 'नाही म्हणत नाही'चा समाचार घेऊ. या विद्येचा सर्वांत मोठा आधारग्रंथ गेर्ट होफस्टेड या डच पंडिताचा. आयबीएम कंपनीच्या देशोदेशींच्या नोकरांकडून १९६७ ते १९७३ या काळात एक लाखाहून अधिक प्रश्नपत्रिका भरून घेण्यात आल्या होत्या. त्यांवरून त्याने प्रत्येक देशाला गुण दिले आणि १९८० साली ग्रंथ काढला. वरिष्ठापुढे माणूस किती दबतो याचे त्याने 'सत्तेचे अंतर' असे माप केले. त्यात भारताला ७७ गुण आहेत, अमेरिकेला ४०. या आकड्यांना प्रशिक्षक मंडळी वेदवाक्य मानतात. पण गुण दिले कोणाच्या पेपरवरून? आयबीएमच्या नोकरांच्या! ती कंपनी १९७८ साली भारतातून आपले बिऱ्हाड उचलून गेली होती. पुढे ती परत आली ती गोष्ट वेगळी. एका विलायती कंपनीतल्या, इंग्रजी जाणणाऱ्या, पगारदार नोकरांनी पन्नासएक वर्षांपूर्वी भरलेल्या कागदावरून कोरेगावच्या लेथवाल्याचा स्वभाव ठरतो. शाळेत असा निकाल कोणी लावला असता तर पालकांनी मास्तरला घरी बसवले असते. खुद्द होफस्टेडने बजावून ठेवले होते, की देशाचे हे गुण एकेका माणसाला चिकटवू नयेत. गुरूने सावध केले होते. चेल्यांनी तेवढेच पान वगळले.

'सत्तेचे अंतर' म्हणून आमचा पोरगा गप्प बसतो काय? मी एका माजी विद्यार्थ्याला विचारले. सात वर्षे तो कंत्राटी कामगार आहे. दर काही महिन्यांनी त्याचे नाव कमी होते आणि पुन्हा नव्याने लागते. तो म्हणाला, "गुरुजी, न्हाई म्हटलं तर उद्यापास्नं गेटवर नाव नसतंय." बस्स. एवढे एक वाक्य त्या सगळ्या तक्त्यांवर बोळा फिरवायला पुरे आहे. जिला संस्कृती म्हणतात ती पुष्कळदा पोटाची भीती असते. हाच पोरगा ग्रामसभेत उभा राहून पाण्याच्या टाकीचा हिशेब सरपंचाच्या तोंडावर मागतो. तालमीत तो वस्तादाशीही डावावरून वाद घालतो. तिथे त्याच्यातले 'सत्तेचे अंतर' कुठे जाते? ज्याची नोकरी पक्की आहे त्याच्या तोंडून 'नाही' ऐकू येते, ज्याची कच्ची आहे त्याच्या तोंडून 'होय साहेब'. हे माप जातीचे नाही, देशाचे नाही; हजेरीपटाचे आहे.

आणि हे शिकवायचे कोणत्या मुलखाबद्दल? सातारा-सांगलीबद्दल! १९४२ नंतर इंग्रजी अंमल डोक्यावर असताना ज्या जिल्ह्याने क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली आपले प्रतिसरकार चालवले, गावोगाव न्यायदान मंडळे बसवली, त्या जिल्ह्याच्या नातवंडांना म्हणे स्वतः निर्णय घेता येत नाही! कुंडलच्या माळावर ज्यांची तुफान सेना कवायत करीत होती, त्यांना पुढाकार कशाशी खातात ते ठाऊक नाही! तक्ता करणाऱ्याने इतिहासाचे चार पैशाचे पुस्तक जरी चाळले असते तरी त्याचा हात थरथरला असता.

आता कोणी म्हणेल, "मास्तर, परक्या लोकांशी व्यवहार करायचा तर त्यांची रीत शिकायला नको काय?" शिकायलाच हवी. माझा वाद शिकण्याशी नाही. एकाच बाजूने शिकण्याशी आहे. एकतर्फी शिकवणीचे फळ काय मिळते ते जर्मनीने दाखवले आहे. पूर्व जर्मनीतले सरकारी कारखाने विकण्यासाठी १९९० साली एक विश्वस्त संस्था नेमली गेली. सुमारे साडेआठ हजार उद्योग आणि चाळीस लाख कामगार तिच्या हाती आले. पश्चिमेकडून मॅनेजर आले. भाषा एक, रक्त एक, आजोबाही पुष्कळदा एकच; तरीही त्यांचे जमेना. पूर्वेकडच्यांनी त्या पाहुण्यांना 'बेसरवेसी' असे नाव ठेवले. सगळे आपल्यालाच कळते असे मानणारा पश्चिमवाला, हा त्याचा अर्थ. १९९१ साली तो शब्द तिथे वर्षाचा शब्द म्हणून निवडला गेला. एक भाषा बोलणाऱ्यांत जर शहाणपणाच्या तोऱ्याने भिंत उभी राहते, तर इंग्रजीतून शिबिर घेणारा अधिकारी आणि माणदेशी बोलणारा कामगार यांच्यामध्ये काय उभे राहत असेल?

गंमत अशी, की ही विद्या आमच्या मातीत फार पूर्वी उगवली होती, आणि तिचे पीकही चांगले आले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच घ्या. जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेलेला हा माणूस रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळला. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणाला, लोखंडाने जमीन विषारी होते. नांगर पडून राहिले. पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे गेली. त्यांनी 'भारतीय शेतकरी बदलाला विरोध करतो' असा तक्ता भिंतीवर लावला नाही. नांगर शेतात चालवून दाखवला आणि विश्वास बसेपर्यंत धीर धरला. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलरोड स्टेशनाजवळ निवडुंगाने भरलेला बत्तीस एकर माळ दिला. तिथे किर्लोस्करवाडी वसली. तिथे अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता, आणि रात्रीच्या पहाऱ्यावर शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली होती. मालक तिथेही मालकच होता, आणि ती वाडी म्हणजे स्वर्ग होता असे मी म्हणत नाही. पण आपल्या माणसांचा अभ्यास तिथे माणसांतच बसून झाला.

त्याच किर्लोस्करांचे नांगर विकीत भाऊराव पाटील गावोगाव हिंडले. ओगल्यांच्या कंदिलांचीही विक्री त्यांनी केली. मॅट्रिकची पायरी न चढलेला हा विक्रेता शेतकऱ्याच्या ओसरीवर बसायला शिकला, आणि त्याच ओसऱ्यांवरून त्याने १९१९ साली रयत शिक्षण संस्था उभी केली. निरनिराळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसवून वसतिगृह चालवणे, याहून अवघड आंतरसांस्कृतिक व्यवस्थापन कोणते?

परक्याने आमच्यात कसे यावे, याचाही दाखला हवा? मॉरिस फ्रीडमन हा वॉर्सात जन्मलेला इंजिनियर. बंगळूरच्या सरकारी विजेच्या कारखान्याचा तो प्रमुख होता. १९३८ साली औंधच्या राजाने सत्ता प्रजेला देण्याचे ठरवले, तेव्हा त्या राज्यघटनेच्या कामात गांधीजींचा सल्ला होता आणि फ्रीडमनची मेहनत होती. आटपाडीजवळ त्याच्या कल्पनेतून कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली, स्वतंत्रपूर. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ सालच्या चित्रपटाला प्रेरणा मिळाली ती याच प्रयोगापासून, आणि त्याची कथा लिहिली ती त्याच माणदेशातल्या ग. दि. माडगूळकरांनी. फ्रीडमनने खादी अंगावर घातली, खेड्यांत राहिला. पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे त्यानेच इंग्रजीत नेली, आणि ते पुस्तक १९७३ साली निघाले. हा पोलंडचा माणूस. पुढे त्याच पोलंडला 'संक्रमणातली अर्थव्यवस्था' म्हणून शिकवायला लोक गेले! त्यांना औंधची वाट कोणी दाखवली असती तर बरे झाले असते.

उलट बाजूने पाहायचे तर विट्याचा, आटपाडीचा गलाईवाला पाहा. सोने-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन हा माणूस केरळात, तामिळनाडूत, बंगालात, देशाच्या कानाकोपऱ्यांत गेला. जाताना तो तमिळ शिकला नव्हता. गेल्यावर शिकला, कारण सोने हातात देणारा माणूस ज्याचे बोलणे कळते त्याच्याच हातात देतो. त्याने कोणत्याही शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले नाही. गरज आणि आदर या दोन शिक्षकांनी त्याला शिकवले. आमच्या अधिकाऱ्याला गरज फक्त वरच्याची वाटते, म्हणून आदरही वरच्याचाच.

हा प्रश्न नुसत्या मानापमानाचा नाही. १८ जुलै २०१२ रोजी हरियाणातल्या मानेसर येथील मारुती सुझुकीच्या कारखान्यात दंगल झाली. कंपनी जपानशी बांधलेली, अधिकारी भारतीय, कामगार आजूबाजूच्या मुलखातले. कायम आणि कंत्राटी कामगारांतल्या तफावतीवरून आधीपासून धुमसत होते. त्या दिवशी एका व्यवस्थापकाचा जीव गेला. कोणत्याही रागाने त्या मृत्यूचे समर्थन होणार नाही. १४८ कामगारांवर खटला चालला. २०१७ साली ३१ दोषी ठरले आणि ११७ निर्दोष सुटले. एका घरचा कर्ता गेला. शेकडो घरे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. जपानी माणसाचे कार्ड दोन्ही हातांनी कसे घ्यावे, हे ज्ञान त्या दिवशी कोणाच्या कामी आले?

आता आपलेही कान पिळायला हवेत. आमच्या वसाहतींत आज ओडिशाची, बिहारची, झारखंडची पोरे येतात. दहा-दहा जण एका खोलीत राहतात. आमचा मराठी सुपरवायझर त्यांना नावाने हाक मारतो काय? सरसकट 'ए भैया'! छठ पूजेला त्याने रजा मागितली की आमच्यातलाच पालच्या यात्रेला जाणारा माणूस म्हणतो, "यांचे सारखे काहीतरी असतेच." साहेबाकडून जो अपमान गिळला तोच आपण खाली ओततो. पायरी बदलली, तक्ता तोच. साहेबावर टीका करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या पायरीखालची पायरी आधी पाहावी.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. इथे रुजू होणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने सहा महिन्यांत कामापुरती मराठी शिकावी, आणि ज्या खात्यात ओडिया बोलणारी पोरे आहेत तिथल्या मराठी सुपरवायझरने निदान शंभर ओडिया शब्द शिकावेत. सुरक्षिततेच्या सूचना कामगाराच्या भाषेत लावाव्यात. इंग्रजी पाटीने बोटे वाचत नाहीत. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी भाषण नको. पहिला आठवडा पाळीवर काढावा, कामगारांच्या पंगतीला बसून डबा खावा. शिबिरात एक तास असा असावा की ज्यात कामगार बोलतील आणि अधिकारी वहीत उतरवून घेतील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे काम बारा महिने चालते त्यावरच्या माणसाला कायम करावे. 'नाही' म्हणण्याचे धैर्य शिकवण्यासाठी मग मुंबईहून कोणाला आणावे लागणार नाही.

यात खर्चाचे काय आहे? शिबिराच्या हॉटेलातले जेवण याहून महाग पडते. अडचण आहे ती दुसरीच. खालच्या माणसाकडून शिकायचे म्हणजे घटकाभर त्याच्या पुढ्यात विद्यार्थी होऊन बसायचे, आणि तसे बसण्याची सवय आपल्या साहेबांना कोणत्याही शाळेने लावलेली नाही. हा दोष आम्हा सगळ्या शाळांचा आहे. तेव्हा दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्यावर आपापल्या मुलांना आपण एवढे तरी शिकवावे : ज्याच्या कष्टावर आपले काम चालते त्याचे गाव विचारावे, नाव लक्षात ठेवावे, आणि त्याच्या सणाला त्याला रजा द्यावी. बोनसच्या पाकिटात हे घालता येत नाही; पण ते नसेल तर पाकीट हलके लागते, हे ज्यांनी ते घेतले आहे त्यांना विचारून पाहा.